आजोबांनी शाळेला दिलेलं रान आणि सातबाऱ्यावरचं आमचं नाव

मांजराकाठ (धागाकर्ती)

नमस्कार. लिहू की नको असं करत महिना गेला. आज लिहितेच.

आमचं गाव बीड आणि लातूरच्या शिवेवर, बालाघाटाच्या कडेला. १९५९ साली आजोबांनी रस्त्याखालचं दोन एकर दहा गुंठे रान शाळेला दिलं. नुसतं रान नाही, घरच्या पैशातून दगडाच्या, वर पत्रे टाकलेल्या चार खोल्याही बांधून दिल्या. तोवर शाळा मारुतीच्या देवळात भरायची आणि कुणाचं लग्न असलं की लेकरांना सुट्टी. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि शाळा तिकडं वर्ग झाली. पुढं परिषदेनं दोन स्लॅबच्या खोल्या वाढवल्या. आज पहिली ते सातवी, ६८ लेकरं. घंटा म्हणून आजोबांनी कुठून तरी आणलेला रुळाचा तुकडा लिंबाला टांगलाय, अजून तोच वाजतो. वाजवून वाजवून त्याच्या मधोमध बोटभर खड्डा पडलाय.

आजोबा १९७१ ला वारले. वारसाचा फेर, म्हणजे नोंदीतला नावबदल, झाला तेव्हा सगळी जमीन वारसांच्या नावी लागली, शाळेच्या रानासकट. कुणी लक्षच दिलं नाही. शाळा तिथंच होती, कोण उठवणार होतं?

आता रस्त्याचा महामार्ग होतोय. शाळेच्या कुंपणाच्या आतले सहा गुंठे जातायत आणि भूसंपादनाची नोटीस आली ती आमच्या नावानं. थोरल्या चुलत्यांच्या मुलांनी वाटपाचा दावा टाकलाय, त्यात शाळेचं रानही धरलंय. त्यांतला दादा म्हणतो, कागदावर आपलं आहे तर आपलंच. तो वाईट माणूस नाही. दोन बोअर कोरडे गेले, अंगावर कर्ज आहे आणि रस्त्याकडेच्या गुंठ्याला आज काय भाव आहे हे त्याला रोज कुणी ना कुणी येऊन सांगतं.

शाळेचं रान खरंच जाऊ शकतं का? आणि मी त्याच घरातली आहे, मी काय करू शकते?

पांदण

दिलेलं दान माघारी घेत नसतात. विषय संपला.

बांधावरचा

पांदणराव, विषय इथूनच सुरू होतो. मी एकतीस वर्षं तलाठी होतो, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. ताई, तुमच्यासारख्या शाळा मराठवाड्यात गावोगाव आहेत. देणारा मोठ्या मनाचा, घेणारं सरकार, मग कागद कशाला, अशी त्या वेळची समजूत.

सातबाऱ्यावर नाव म्हणजे मालकी नव्हे हे पहिलं समजून घ्या. महसुलाची नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात, जमीन महसूल संहितेचं कलम १५७, एवढंच. पण नोंद नाही म्हणून काही अडत नाही असंही नाही. हक्क मिळाला की तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं, त्याच संहितेचं कलम १४९. तुमच्या शाळेच्या वतीनं कुणी कळवलंच नाही.

तहसीलच्या अभिलेख कक्षातून त्या गटाचे सगळे जुने उतारे नकला मागून काढा. १९५४ ची खासरा पाहणी, म्हणजे कोणतं रान कुणाकडं याची जुनी नोंद, त्यानंतरची पाहणीपत्रकं, १९७१ चा वारस फेर. ‘इतर हक्क’ या रकान्यात कधी पेन्सिलीनं का होईना ‘शाळा’ असं लिहिलेलं सापडतं का बघा. पिकाच्या रकान्यात पड किंवा शाळा-इमारत असेल तर तेही कामाचं.

गोदातीर

मी वकिली करते, जास्त करून दिवाणी. ताई, कटू आहे पण आधी तेच सांगते.

स्थावर मिळकतीचं बक्षीस तोंडी होत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम १२३: लेख नोंदणीकृत हवा, देणाऱ्याची सही हवी, किमान दोन साक्षीदार हवेत. रान दिलं, गावानं बघितलं, चार खोल्या उभ्या राहिल्या, तरी कायद्याच्या भाषेत बक्षीस झालं नाही. त्यामुळं दादा म्हणतात ते अगदीच पोकळ नाही. कुठला कागद आहे का? साधा, विनास्टँपचा का असेना.

सीताफळ

बारा वर्षं कब्जा असला की जमीन त्याची होते ना? इथं तर साठ वर्षं उलटली!

गोदातीर

सीताफळ, हा गैरसमज फार पसरलाय. बारा वर्षांचा नियम मालकाच्या विरोधात, उघडपणे ‘ही माझी’ म्हणून ठेवलेल्या ताब्याला आहे. परवानगीनं दिलेला ताबा शंभर वर्षं चालला तरी परवानगीचाच राहतो. आणि सरकारी बाजूनं हा मुद्दा घेतला तर न्यायालयाला आवडत नाही. विद्या देवी विरुद्ध हिमाचल प्रदेश राज्य, जानेवारी २०२०: एका निरक्षर विधवेची जमीन १९६७-६८ मध्ये रस्त्याला घेतली, मोबदला दिला नाही आणि पुढं सरकार म्हणालं की आमचा कब्जा जुना. सर्वोच्च न्यायालयानं बजावलं की राज्यानं नागरिकाच्या जमिनीवर असा हक्क सांगायचा नाही. जिल्हा परिषदेनं त्या वाटेनं जाऊ नये.

चिंचबन

सगळेजण शाळेच्या बाजूनं बोलतायत, म्हणून मी दुसरी बाजू सांगतो. राग मानू नका.

आमच्या वडिलांनी १९७८ साली तालुक्याच्या गावची पावणेदोन एकर जागा एका शिक्षण संस्थेला दिली. खासगी संस्था, नाव घेत नाही. रीतसर बक्षीसपत्र, रजिस्ट्री, सगळं केलं. समारंभ झाला, वडिलांना फेटा बांधला, शाळेला आजीचं नाव द्यायचं ठरलं. नाव पाच वर्षं टिकलं. रंग दिला तेव्हा पाटी खाली उतरवली ती परत चढलीच नाही. पुढं संस्थेत एकाच घरातली माणसं भरली. रस्त्याकडेला सोळा गाळे निघाले. खाली मोबाइलची दुकानं, वर कोचिंग क्लास, आणि पोरांना खेळायला मैदान नाही. वडील शेवटी शेवटी त्या रस्त्यानं जायचंच टाळायचे. रिक्षावाल्याला मागल्या गल्लीतून ने म्हणायचे.

म्हणून ‘दिलं की विसरायचं’ हे मला पटत नाही. देणाऱ्याच्या घराला विचारायचा अधिकार असला पाहिजे. ताईंच्या दादालाही एकदम लोभी ठरवू नका. कोरडा बोअर काय असतो हे ज्याच्या रानात आहे त्यालाच कळतं.

रानवारा

चिंचबन भाऊ, वाचून पोटात कालवलं. पण ती संस्था खोटी निघाली म्हणून शाळा खोटी होत नाही. ताईंच्या शाळेत गाळे नाहीत, लेकरं आहेत.

गोदातीर

चिंचबन, तुमचं प्रकरण वेगळं आहे आणि संपलेलंही नाही. ती संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असणार. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, कलम ३६: न्यासाची स्थावर मिळकत विकायला, अदलाबदल करायला किंवा बक्षीस द्यायला धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. बिगरशेती जागा किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीनं भाड्यानं द्यायलाही लागते. सोळा गाळ्यांना मंजुरी होती का, हे धर्मादाय कार्यालयात अर्ज करून विचारा. परिशिष्ट १ चा, म्हणजे न्यासाच्या नोंदवहीचा, उतारा काढा, जागा तिथं कशी नोंदलीय ते दिसेल. जमीन तुम्हाला परत मिळणार नाही, पण मैदान लेकरांना परत मिळू शकतं.

चिंचबन

वडील असते तर आजच गेले असते. मी सोमवारी जातो.

दौलताबादी

थोडं आडवळणाचं. आमच्यात, मुस्लिम कायद्यात, हिबा म्हणजे बक्षीस तोंडीसुद्धा चालतो. दिलं असं जाहीर करणं, समोरच्यानं कबूल करणं आणि ताबा देणं, या तीन गोष्टी झाल्या की पुरे. गोदातीर ताईंनी सांगितलेल्या त्याच कायद्याच्या कलम १२९ नं ती सूट ठेवलीय. आमच्या पणजोबांनी उर्दू शाळेला दिलेली जागा अशीच तोंडी होती, तरी दादांनी मागाहून लिहून ठेवलं. म्हणायचे, जबान माणसाबरोबर जाते, कागद राहतो.

ताई, तुमची जुनी कागदं उर्दूत असतील तर फोटो टाका, मी वाचून देतो. निजामी अंमलातल्या नोंदींवर फसली सन असतो. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो, एखादं वर्ष इकडंतिकडं. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८.

तगर

कागद का केला नाही यावर मला वाटतं ते लिहितो. आपल्याकडं शाळा ही सरकारनं द्यायची वस्तू नव्हतीच बराच काळ. १९१८ ला हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघालं, माध्यम उर्दू. मराठीतून शिकायचं तर गावानंच काहीतरी करायचं. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ ची. स्वामी रामानंद तीर्थ तिथं शिकवायला होते, पुढं मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला, योगेश्वरी शाळेत. त्यांचं बघून खेड्यापाड्यातल्या माणसांनी वाडे दिले, गोठे दिले, धान्य दिलं. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य गेल्यावर तर हुरूपच वेगळा होता. १९५९ म्हणजे त्यानंतर अकराच वर्षं. ताईंच्या आजोबांना शाळा परकी वाटलीच नसणार. आपल्याच घराला कुणी लिहून देतं का?

उंबरठा

तगर, छान लिहिलंत.

मी किल्लारीच्या बाजूची. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर बावन्न गावं नव्या जागी गेली, त्यात आमचं एक. जुन्या शाळेची जागा एका घरानं दिलेली होती. शाळा नव्या गावात गेली, जुन्या जागी तीन पायऱ्या तेवढ्या राहिल्या. काही वर्षांनी त्या घरातल्या मुलानं तिथं तूर पेरली. गावात कुणी हरकत घेतली नाही. त्याच्या घरातली चार माणसं त्या रात्री गेली होती. कोण कुणाला काय बोलणार?

मला हे विचारायचंय की रान ‘शाळेसाठी’ दिलेलं असेल आणि शाळाच उठली तर? आता पट वीसच्या खाली गेलेल्या शाळा एकत्र करायचं अधूनमधून निघतं. मग त्या रानाचं काय?

बांधावरचा

उंबरठाताई, म्हणूनच लेख करताना नीट लिहावं लागतं. शाळा बंद पडली तर अंगणवाडीला, वाचनालयाला की परत घराला, हे देणाऱ्यानं तेव्हाच ठरवायचं. आधी ठरलेल्या घटनेवर बक्षीस परत यावं अशी अट घालता येते. ‘मला वाटेल तेव्हा परत घेईन’ अशी घालता येत नाही.

मांजराकाठ

सगळ्यांचे आभार. चार दिवस गावी जाऊन आले. आजोबांची जमाखर्चाची वही सापडली. लाल बासनात होती, वाळवी फक्त कडेला लागलीय. १९५९ च्या पानावर मोडीतल्या दोन ओळी आहेत, त्याखाली सही आणि पाटलांचा अंगठा. फोटो जोडलाय. दौलताबादी भाऊ, उर्दू नाही हो. मोडी कुणी वाचेल का?

बोरू

वाचलं. अक्षर सुरेख आहे. असं आहे:

‘रस्त्याखालील रान एकर २ गुंठे १० शाळेचे वापरास दिल्हे. खोल्या ४ घरच्या बांधून दिल्ह्या. माघारी मागणे नाही.’

मधला एक शब्द मी तीनदा पाहिला. ‘दान’ नाही, ‘बक्षीस’ही नाही. ‘वापरास’ असंच आहे.

पांदण

‘माघारी मागणे नाही’. आता तरी विषय संपला की नाही?

सीताफळ

पण ‘वापरास’ म्हणजे मालकी घराकडंच राहिली ना? दादांच्या वकिलाला हाच शब्द पाहिजे असेल.

गोदातीर

दोघांचंही बरोबर आहे. ‘वापरास’ हा शब्द मालकी देत नाही. नोंदणी नसल्यानं ती तशीही गेली नव्हती. पण या ओळीमुळं दुसरं दार उघडतं. सुखाधिकार अधिनियम १८८२, कलम ६०: जागा वापरायला परवानगी दिली आणि त्या परवानगीवर विसंबून घेणाऱ्यानं स्वतःच्या खर्चानं कायम स्वरूपाचं बांधकाम केलं, तर ती परवानगी काढून घेता येत नाही. आजोबांच्या चार खोल्या त्यात धरता येणार नाहीत, त्या घरच्या खर्चाच्या. पण परिषदेच्या दोन स्लॅबच्या खोल्या येतात. त्यांची मंजुरी, खर्चाची नोंद, वर्ष, सगळं पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागातून काढा. ही वही आणि तो कागद एकत्र गेले तर शाळेला उठवणं फार अवघड आहे.

मोबदल्याचं वेगळं. राष्ट्रीय महामार्ग कायद्यात कलम ३एच(४) आहे: रक्कम कुणाला किती यावर वाद असेल तर सक्षम प्राधिकारी तो वाद जिल्ह्याच्या मुख्य दिवाणी न्यायालयाकडं पाठवतो. तुम्ही लेखी हरकत आजच द्या, पोच घ्या. एकदा पैसे वाटले गेले की परत गोळा करणं अवघड.

आणि परिषदेला दाव्यात सामील करून घ्या. ज्यांची शाळा तेच कोर्टात नसतील तर तुम्ही एकट्या काय काय सांभाळणार?

काळीमाती

माझा अनुभव सांगतो. आधी घरातल्या बायकांचं हक्कसोडपत्र करून घ्या. आत्या, बहिणी जेवढ्या कमी तेवढ्या सह्या कमी. नाहीतर दहा दिशांना दहा तोंडं. मग भावाभावांत बसून मिटवा.

रानवारा

काळीमाती, धागा एका मुलीनं काढलाय हे तरी बघा.

गोदातीर

काळीमाती, तो काळ गेला. ११ ऑगस्ट २०२० चा विनीता शर्मा निकाल आहे: मुलगी जन्मानं सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखीच हिस्सेदार, ९ सप्टेंबर २००५ ला, कायदा बदलला त्या दिवशी, वडील हयात असोत वा नसोत. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटप किंवा विक्रीसारखा व्यवहार झाला असेल तेवढंच सुटतं. ताईंच्या घरी सातबारा अजून सामाईक आहे, म्हणजे वाटप झालेलं दिसत नाही. ताई, आजोबांना मुली किती? दाव्यात त्यांना पक्षकार केलंय का?

मांजराकाठ

तीन मुलगे, एक मुलगी. मी मधल्याची. माझे वडील आणि दोन्ही काका आता नाहीत. आत्या आहे, ७७ वर्षांची, परळीला असते. दाव्यात तिचं नाव आहे, पण दादानं तिच्याकडून कोऱ्या वकीलपत्रावर सही घेऊन ठेवली होती. तिला वाटलं रस्त्याच्या पैशाचं काही असेल.

काल तिच्याकडं जाऊन आले. वहीचं पान दाखवलं. तिला मोडी येत नाही, पण सहीवरून बोट फिरवत बसली. मग म्हणाली, त्या खोल्यांच्या गाऱ्याला पाणी मी वाहिलंय. अकरा वर्षांची होते. खांद्यावर कावड पेलत नव्हती म्हणून अण्णांनी माझ्यासाठी दोन लहान डबे बांधून दिले होते. त्याच शाळेत ती चौथी झाली, पुढं लग्न झालं. तिनं आजवर माहेरचं काही मागितलं नाही. दिवाळीला साडी घेतली, तीसुद्धा साधी.

जेवताना एकदम म्हणाली, ‘माझा हिस्सा निघतो ना? मग मला तेच रान द्या. शाळेचं. माझ्या वाट्याला ते टाका, मग मी कुणालाही देईन. पोरांना म्हणावं, तुमच्या वाट्याचं एक गुंठाही मी मागत नाही.’

मला काही बोलताच आलं नाही. गोदातीर ताई, असं होतं का?

गोदातीर

होतं. इतकं सरळ उत्तर माझ्या डोक्यात आलं नव्हतं, हे मनापासून सांगते.

एकूण किती एकर आहे?

मांजराकाठ

एक्केचाळीस.

गोदातीर

चार शाखा धरल्या तर आत्यांचा चौथा हिस्सा, म्हणजे दहा एकर दहा गुंठे. त्यातलं दोन एकर दहा गुंठे शाळेचं. वाटपात कोणता तुकडा कुणाला जावा हे ठरवता येतं, तडजोडीनं तर फारच सोपं. दादांचाही यात तोटा नाही, त्यांच्या वाट्याला वादाचं रान न येता पिकाचं येईल. तडजोड लेखी करा आणि कोर्टापुढं नोंदवा, घरात बसून कोऱ्या कागदावर नको. आधी ते जुनं वकीलपत्र रद्द करून आत्यांचा स्वतःचा वकील उभा करा. बाकीचे आठ एकर सोडायचे की नाही हे त्यांना त्याच दिवशी ठरवायला लावू नका. त्यांना सावकाश विचार करू द्या.

आणि एक महत्त्वाचं. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १२२ म्हणतं की बक्षीस देणाऱ्याच्या हयातीत घेणाऱ्यानं ते स्वीकारलं पाहिजे. आत्या ७७ वर्षांच्या आहेत. तडजोड झाली की लगेच परिषदेचा स्वीकारण्याचा ठराव आणि नोंदणीकृत बक्षीसपत्र एकामागोमाग करा. १९५९ ला जे राहून गेलं ते पुन्हा राहू देऊ नका.

बांधावरचा

त्याआधी मोजणी. भूमी अभिलेखला आजच अर्ज टाका, शाळेचं नेमकं क्षेत्र नकाशावर आलं पाहिजे. महामार्गाचे सहा गुंठे वजा जाऊन किती राहतं ते मोजणीतच कळेल. बक्षीसपत्रानंतर फेर धरायला मी स्वतः तुमच्या गावी येतो. निवृत्त माणूस आहे, वेळच वेळ आहे.

काळीमाती

मी वर लिहिलेलं मागं घेतो. आत्यांना माझा दंडवत.

उंबरठा

आत्यांना विचाराल का, शाळा कधी उठली तर रान कुणाला जावं? लेखात घालता येईल.

मांजराकाठ

विचारलं. म्हणाली, शाळा उठू देऊ नका.

दादाशी आज फोनवर बोलले. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. बराच वेळ गप्प होता, मग विचारलं की आत्याला खरंच एवढंच पाहिजे का. पुढची तारीख एकवीसला आहे. मोजणीचा अर्ज आणि मोबदल्यावरची हरकत दोन्ही आज दिले, पोच घेतली. आत्या म्हणते तारखेला मी येणार, परळीहून सकाळची एसटी किती वाजता आहे ते बघून ठेव.